सटन हूचे निधान : रूढ समज आणि वस्तुस्थिती

इंग्लंडच्या पूर्व भागातील सफोक परगण्यात, डेबेन नदीकाठच्या उंचवट्यावर, सटन हू नावाचे स्थळ आहे. तेथील मातीच्या एका टेकाडाखालून १९३९ च्या उन्हाळ्यात, दुसरे महायुद्ध तोंडाशी येऊन ठेपले असताना, सातव्या शतकातील राजवैभवाची जी सामग्री बाहेर आली, तिच्या कीर्तीबरोबर कित्येक भ्रामक समजुतीही जगभर पसरल्या. त्यांतील बहुतेकींचे मूळ मला एकच दिसते : पाहणाऱ्याची दृष्टी सुवर्णावर खिळते आणि ज्या मातीतून ते निघाले तिच्याकडे वळतच नाही.

सटन हू येथे एक सबंध लाकडी जहाज सापडले, हा समज त्याचाच परिणाम होय. तेथील वाळू आम्लधर्मी असल्यामुळे जहाजाच्या फळ्या शतकानुशतके कुजत जाऊन पार नाहीशा झाल्या होत्या. उरले होते ते आपापल्या जागी रांगेने रुतलेले गंजके लोखंडी खिळे आणि लाकडाच्या जागी काळवंडून घट्ट झालेली वाळू. लहानपणीच शाळा सुटलेल्या, शेतमजुरी करीत स्वाध्यायाने पुरातत्त्व शिकलेल्या बॅसिल ब्राउन यांना जमिनीच्या मालकीण श्रीमती ईडिथ प्रिटी यांनी आदल्या वर्षीच उत्खननासाठी नेमले होते. पहिला खिळा हाती येताच ब्राउन यांनी त्याचा अर्थ ओळखला, आणि पुढचा एकही खिळा न उपटता, केवळ आतली वाळू हलक्या हाताने काढीत, सुमारे २७ मीटर लांबीच्या जहाजाचा ठसा मातीतच उघडा केला. खजिन्याच्या लोभाने कोणी सरळ मध्यभागी खणत गेला असता, तर सोने कदाचित मिळाले असते. पण जहाज मात्र कायमचे हरपले असते. या माणसाची योग्यता मला त्या सोन्यापेक्षा थोर वाटते.

हे जहाज व्हायकिंग लोकांचे होते, हा समज प्रारंभी खुद्द उत्खननकर्त्यांच्याही मनात होता. परंतु आत सापडलेल्या नाण्यांनी तो लवकरच दूर केला. इंग्लंडमधील लिंडिसफार्नच्या मठावर व्हायकिंगांची प्रसिद्ध धाड पडली ती ७९३ साली, म्हणजे जहाजासह झालेल्या या दफनानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी.

शव सापडले नाही, त्या अर्थी ही समाधी रिकामीच असली पाहिजे, असे पुष्कळ काळ विद्वानही मानीत. तथापि जी वाळू ओकाच्या जाड फळ्या गिळते, ती अस्थी तरी कशा शिल्लक ठेवील? १९६० नंतरच्या दशकात रूपर्ट ब्रूस-मिटफर्ड यांच्या देखरेखीखाली पुन्हा उत्खनन झाले, तेव्हा दफनकक्षातील मातीत, अस्थी विरून मागे राहणाऱ्या फॉस्फेटाचे प्रमाण असे आढळले की तेथे मानवी देह होता हेच संभवनीय ठरले. पुढे त्याच परिसरातील इतर दफनांत मृतदेहांच्या आकाराचे केवळ वाळूचे काळसर उठाव मिळाले, आणि देह नाहीसा होऊनही त्याची आकृती मातीत कशी राहते, याचा प्रत्यक्ष पुरावाच हाती आला.

आज ज्याचे चित्र सर्वत्र दिसते ते शिरस्त्राणही अखंड सापडलेले नाही. दफनकक्षाचे छप्पर कोसळल्यावर त्याच्या शेकडो ठिकऱ्या झाल्या होत्या. हर्बर्ट मॅरियन यांनी युद्ध संपल्यावर ते प्रथम जुळविले. पण ती रचना सदोष आहे असे पटल्यावर नायजेल विल्यम्स यांनी १९७०–७१ मध्ये ते सांधे पुन्हा सोडवून तुकडा तुकडा नव्याने बसविला. भुवया हे पंख, नाक हे धड आणि मिशी हे शेपूट, अशा पक्ष्याची आकृती त्या मुखवट्यात उमटली आहे. ती पाहताना पुष्कळांना या दुसऱ्या कारागिराचे स्मरण राहत नाही, याची मला खंत वाटते.

सरकारने हा ठेवा सक्तीने ताब्यात घेतला, असेही सांगितले जाते. वास्तविक ऑगस्ट १९३९ मध्ये गावातच कोरोनरपुढे रीतसर चौकशी झाली. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे पुन्हा काढून घेण्याच्या इराद्याने जे लपविले, तेच सरकारजमा होई. उलट, सर्वांदेखत नदीवरून जहाज चढावर ओढून आणून जे मृताबरोबर पुरले, त्यात लपविण्याचा हेतू कोठला? पंचांनी मालकी श्रीमती प्रिटी यांची ठरविली, आणि त्यांनी थोड्याच दिवसांत सर्व ठेवा ब्रिटिश म्युझियमला विनामोबदला दिला. पुढे देऊ केलेला किताबही त्यांनी नाकारला.

भारतीय वाचकांना एका समजाचे विशेष आकर्षण वाटेल. खांद्यावरील सुवर्णबंधांत आणि थैलीच्या झाकणावर जडविलेले तांबडे तामडे हिंदुस्थानातून किंवा लंकेतून गेले, असे सरसकट लिहिले जाते. पाचव्या-सहाव्या शतकांत या देशांचे तामडे युरोपात विपुल जात, हे खरे. परंतु सहाव्या शतकाच्या अखेरीस तो पुरवठा आटला आणि बोहेमियाचे लहान खडे प्रचारात आले. सटन हूचा सोनार याच संधिकाळातला. जुने खडे उखडून नव्या दागिन्यात बसविण्याची रीतही होतीच. तेव्हा एकेका खड्याची परीक्षा झाल्यावाचून सर्वांचे मूळ एकाच देशी ठरविणे योग्य नव्हे.

राहता राहिला मृताचा प्रश्न. या भागातील ईस्ट अँग्लिया राज्याचा राजा रेडवाल्ड हे नाव निश्चितपणे सांगितले जाते, आणि ते सर्वांत संभवनीय आहे हे मलाही मान्य आहे : त्याचा मृत्यू ६२५ च्या सुमाराचा, आणि थैलीतील फ्रँकिश नाणी त्याच काळाशी जुळतात. एकाच देवळात ख्रिस्ताची वेदी आणि जुन्या देवतांची वेदी त्याने ठेवली होती, असे बीड या इंग्रज मठवासी इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. म्हणून ‘सॉलोस’ आणि ‘पॉलोस’ (ख्रिस्ती होण्यापूर्वीचा सॉल आणि नंतरचा पॉल) अशी ग्रीक अक्षरे असलेले दोन रुप्याचे चमचे त्याच्या बाप्तिस्म्याची भेट मानले गेले. पण पहिले नाव म्हणजे अक्षरे नीट न जमलेले दुसरेच नाव असावे, असाही सबळ पक्ष आहे. थैलीतील ३७ नाणी निरनिराळ्या टांकसाळींची. त्यांत तीन कोरे गोल मिळविले की चाळीस वल्हेकऱ्यांची मजुरी होते आणि दोन लहान लगडी सुकाणूवाल्याच्या, ही नाणकशास्त्रज्ञ फिलिप ग्रीअर्सन यांची उपपत्ती अत्यंत मनोहर आहे. परंतु तिला अनुमानाहून वरची जागा देता येत नाही. मृताच्या नावाचा लेख कोठेही नाही, आणि नाणी फार तर दफनाचा काळ सांगतात, माणूस सांगत नाहीत.