मंगळवारची विषयपत्रिका

लॉस एंजेलिस काउंटीच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सची विषयपत्रिका वाचायला घेतली, तर राजकारण शोधावं लागतं. अमुक रस्त्याच्या दुरुस्तीची निविदा काढायची का, वाचनालयाला आलेली देणगी स्वीकारायची का, एखाद्या संस्थेच्या कार्यक्रमासाठी समुद्रकिनाऱ्यावरचं पार्किंग शुल्क माफ करायचं का, कुठल्या आयोगावर कुणाला नेमायचं, खुनाच्या तपासात माहिती देणाऱ्यासाठी जाहीर केलेल्या बक्षिसाची मुदत वाढवायची का. विषय क्रमांक एक, दोन, तीन करत यादी पन्नासच्या पुढे जाते. शहराच्या मध्यवस्तीतल्या केनेथ हान हॉल ऑफ अॅडमिनिस्ट्रेशनमध्ये मंगळवारी सकाळी साडेनऊला सभा सुरू होते, आणि यातले बहुतेक विषय चर्चेविनाच मंजूर होतात.

वार्ताहरांना अशा सभेतून मथळा क्वचितच मिळतो. तरीही सुमारे एक कोटी लोकांचा रोजचा कारभार याच यादीतून चालतो. या लोकांना कसं सरकार मिळालं आहे हे जाणून घ्यायचं असेल, तर निवडणुकीतली भाषणं बाजूला ठेवून ही यादी वाचावी.

काउंटी म्हणजे राज्याच्या खालचा, आपल्या जिल्ह्यासारखा टप्पा. अमेरिकेत अशा तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत, कॅलिफोर्नियात 58. लॉस एंजेलिस काउंटी 1850 ची, तिचं सुपरवायझर मंडळ 1852 पासूनचं. लोकसंख्येने ती देशातली सर्वांत मोठी काउंटी. तिच्या हद्दीत 88 शहरं आहेत, आणि लॉस एंजेलिस हे त्यांतलं फक्त एक. याशिवाय सुमारे दहा लाख माणसं अशा वस्त्यांत राहतात, ज्यांना स्वतःची नगरपालिका नाही. त्यांना महापौर नाही, नगरसेवक नाही. दिवाबत्ती, रस्ते, बांधकाम परवाने, पोलीस, सगळ्याला एकच दार, काउंटीचं.

जिल्हा परिषदेशी तुलना करण्याचा मोह मराठी वाचकाला होईल, पण अधिकारांचा पल्ला फार वेगळा आहे. काउंटी मोठी सार्वजनिक रुग्णालयं चालवते, तुरुंग चालवते, निराधार मुलांचं पालकत्व घेते, निवडणुका घेते, जन्म आणि लग्नाचे दाखले देते, वजनमापं तपासते. नोकरवर्ग एक लाखाच्या वर, वार्षिक अंदाजपत्रक 45 अब्ज डॉलरच्या वर. हे सगळं सांभाळायला निवडून आलेले सुपरवायझर किती? पाच. प्रत्येकाच्या वाट्याला वीस लाखांच्या आसपास लोक, म्हणजे आपल्याकडचा जवळपास एक लोकसभा मतदारसंघ. शेरीफ, जिल्हा सरकारी वकील आणि मालमत्तेचं मूल्यांकन करणारा असेसर हे तिघे स्वतंत्रपणे निवडून येतात. बाकी कायदा करणंही या पाचांकडे, आणि तो राबवणंही त्यांच्याकडेच. म्हणून वर्षानुवर्षं त्यांना ‘पाच छोटे राजे’ म्हटलं गेलं. 2020 च्या डिसेंबरपासून पाचही जागांवर स्त्रिया आहेत.

ज्यांना आपलं शहर आहे, त्यांच्याही घरापर्यंत काउंटी पोचते. 1954 मध्ये लेकवुड हे नवं शहर झालं. त्याने स्वतःचं पोलीस दल उभारलं नाही. काउंटीशी करार करून तिच्याकडूनच सेवा घेतली. पुढे बऱ्याच लहान शहरांनी हीच वाट धरली. आर्टेशिया त्यांतलंच. तिथल्या पायोनियर बुलेव्हार्डवर साड्या, मसाले, मिठाया घ्यायला दक्षिण कॅलिफोर्नियातली मराठी कुटुंबंही जातात. त्या रस्त्यावर गस्त घालणारी गाडी काउंटीच्या शेरीफची, आग लागली तर येणारा बंब काउंटीचा, आणि गावातलं वाचनालयही काउंटीचंच.

एवढी सत्ता इतक्या थोड्या हातांत असताना तिला वेसण घालतात ते सभेचे नियम. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा 1953 चा ब्राऊन कायदा. राज्यातली स्थानिक मंडळं बंद दाराआड निर्णय घेतात, हे सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका दैनिकाने लेखमालेतून उघड केलं होतं. त्यानंतर विधानसभेतले राल्फ ब्राऊन यांनी हा कायदा आणला. नियमित सभेची विषयपत्रिका 72 तास आधी लोकांसमोर आली पाहिजे. मोजके अपवाद सोडले, तर यादीत नसलेल्या विषयावर निर्णय घेता येत नाही. आपल्याकडे सभा संपता संपता ‘आयत्या वेळचे विषय’ येतात आणि भराभर मंजूर होतात. तसं इथे करता येत नाही.

याच कायद्यातली एक तरतूद पाच जणांच्या मंडळाला फार जवळून लागू होते. पाचांत तिघांचं बहुमत होतं. म्हणून कोणत्याही तीन सुपरवायझरांना काउंटीच्या विषयावर जेवणाच्या टेबलाशी किंवा फोनवर आपसांत ठरवून घेता येत नाही. एकीने दुसरीशी बोलावं आणि दुसरीने तेच तिसरीच्या कानावर घालावं, हेही कायद्याच्या विरुद्ध. परिणामी, तिघींचं मत एकमेकींना कळण्याची पहिली जागा म्हणजे ते सभागृह, नागरिकांच्या डोळ्यांदेखत. कंटाळवाणी वाटणारी ती सभा म्हणूनच खरी सभा असते.

विषयांची विभागणीही समजून घेण्यासारखी आहे. ज्यांना कुणाची हरकत नाही, असे विषय एका गठ्ठ्यात मंजूर होतात. एखाद्या सुपरवायझरला शंका असेल तर ती तो क्रमांक राखून ठेवते. मग त्यावर स्वतंत्र चर्चा, दुरुस्ती आणि मतदान होतं. नागरिकांना बोलायला मिनिट-दोन मिनिटं मिळतात. भाडेवाढीने त्रासलेली आजी, तुरुंगात मुलगा गमावलेली आई, कंत्राट हुकलेला व्यावसायिक, आणि दर आठवड्याला प्रत्येक विषयावर बोलायला येणारे नेहमीचे लोक, सगळ्यांना तेच घड्याळ. सभेत कौतुकाची मानपत्रंही दिली जातात. 1980 ते 2016 अशी 36 वर्षं सुपरवायझर असलेले मायकल अँटोनोविच प्रत्येक सभेत काउंटीच्या निवाऱ्यातलं एखादं कुत्रं किंवा मांजर आणून, त्याला घर द्या असं आवाहन करत. आपल्याकडे शोकप्रस्ताव सभेच्या आरंभी येतो. इथे दिवंगत रहिवाशांची नावं घेऊन त्यांच्या स्मरणार्थ सभा तहकूब करतात.

या नेहमीच्या कामांतून काय उभं राहतं, याचं एक उदाहरण लॉस एंजेलिसमधल्या उपाहारगृहांच्या दारावर टांगलेलं असतं. 1997 मध्ये एका दूरचित्रवाणी वाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने हॉटेलांची स्वयंपाकघरं दाखवली आणि लोक हादरले. काही आठवड्यांतच मंडळाने स्थानिक कायद्याला मंजुरी दिली, आणि 1998 पासून तपासणीची श्रेणी दर्शनी भागात लावणं सुरू झालं. 90 किंवा अधिक गुण असतील तर ए, 80 पासून बी, 70 पासून सी. तपासण्या आधीही होत होत्या, पण निकाल फाइलीत राहायचा. तो दारावर आल्यावर गिऱ्हाईक अक्षर पाहून आत जायचं की नाही ते ठरवू लागलं आणि मालक भटारखाना घासूनपुसून ठेवू लागले. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा अन्नातून होणाऱ्या आजारांमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण घटलेलं आढळलं. 2010 मध्ये न्यू यॉर्क शहरानेही अशी अक्षरं लावायला सुरुवात केली.

दुसरं काम असं, की त्याच्याकडे गिऱ्हाईक म्हणून कुणीच येत नाही. काउंटीत ज्यांचा मृतदेह कुणी नेत नाही, त्यांचं दहन काउंटी करते. रक्षा जवळपास तीन वर्षं जपून ठेवते, कारण एखादा भाऊ, एखादी मुलगी उशिराने शोधत येऊ शकते. तरीही कुणी आलं नाही, तर डिसेंबरात बॉइल हाइट्स भागातल्या काउंटीच्या दफनभूमीत सर्वांची रक्षा एकत्र पुरली जाते. ही रीत 1896 पासूनची. 2023 साली एकोणीसशेहून अधिक जणांना असा निरोप दिला गेला. त्यांतले बरेच बेघर होते, काही देशांतर करून आलेले, काही लहान मुलं. वेगवेगळ्या धर्मांच्या, वेगवेगळ्या भाषांतल्या प्रार्थना होतात, आयुष्यात त्यांना कधी न भेटलेले नागरिक फुलं घेऊन येतात, आणि वर बसवलेल्या छोट्या पाटीवर फक्त वर्ष कोरलेलं असतं. या कामासाठी कुणी मत मागत नाही आणि कुणी मत देत नाही. तरी शतकाहून अधिक काळ ते सुरू आहे, कारण कुठल्याशा खात्याच्या कामांत ते नोंदलेलं आहे आणि त्याची तरतूद होते. मला सरकार या संस्थेबद्दल आदर वाटतो तो अशा ठिकाणी.

पण कागद जसा न्याय करतो, तसाच अन्यायही करतो. 1912 मध्ये विला आणि चार्ल्स ब्रूस या कृष्णवर्णीय दाम्पत्यातल्या विला यांनी मॅनहॅटन बीच या शहरात समुद्राकाठची जमीन 1,225 डॉलरला घेतली. इतर किनाऱ्यांवर ज्यांना मज्जाव होता, अशा कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी त्यांनी तिथे विश्रामस्थान चालवलं. त्यांना पळवून लावायचे प्रयत्न झाले. ते बधले नाहीत. मग 1924 मध्ये शहराच्या विश्वस्तांनी उद्यानाचं कारण देऊन भूसंपादनाची प्रक्रिया सुरू केली. सगळं कायदेशीर, ठरावाने. ब्रूस कुटुंबाच्या हाती 14,500 डॉलर पडले, आणि उद्यान तर कित्येक दशकं झालंच नाही. ती जमीन 1948 मध्ये राज्याकडे आणि 1995 मध्ये काउंटीकडे आली. तिथे काउंटीच्या जीवरक्षकांचं प्रशिक्षण केंद्र उभं होतं.

ती जमीन ब्रूस यांच्या वारसांना परत देणंही भाषणाने होणारं नव्हतं. राज्याने हस्तांतर करताना घातलेली अट आड येत होती, म्हणून 2021 मध्ये आधी राज्याचा कायदा झाला. वारस कोण हे निश्चित करावं लागलं, जमिनीची किंमत ठरवावी लागली, केंद्र तिथेच राहावं म्हणून वर्षाला 4,13,000 डॉलर भाड्याचा करार लिहावा लागला. 28 जून 2022 रोजी हा विषय मंडळापुढे आला आणि एकमताने मंजूर झाला. पुढल्या वर्षी कुटुंबाने ती जमीन काउंटीलाच सुमारे दोन कोटी डॉलरला विकली. शंभर वर्षांपूर्वीची लूट ज्या मार्गाने झाली, त्याच मार्गाने, म्हणजे ठराव, दस्त आणि सही यांच्या साहाय्याने तिची भरपाई झाली. जुने दस्त जपलेले होते म्हणून हे शक्य झालं.

दुर्लक्षाचं बिलही शेवटी याच टेबलावर येतं. काउंटीच्या बालगृहांत आणि बालसुधारगृहांत दशकानुदशकं झालेल्या लैंगिक अत्याचारांचे 6,800 हून अधिक दावे मिटवण्यासाठी 2025 च्या एप्रिलमध्ये मंडळाला चार अब्ज डॉलरची तडजोड मंजूर करावी लागली. तक्रारी वेळेवर ऐकल्या असत्या, तपासण्या नेमाने झाल्या असत्या, तर ही रक्कम विषयपत्रिकेवर आली नसती आणि त्या मुलांचं बालपणही असं गेलं नसतं.

त्याच वर्षी 7 जानेवारीला लागलेल्या ईटन वणव्यात अल्टाडीनाच्या परिसरात नऊ हजारांहून अधिक इमारती जळाल्या. अल्टाडीनाला नगरपालिका नाही. म्हणून घरबांधणीचे परवानेही काउंटीच्या कचेरीतूनच मिळायचे. गावाच्या पश्चिम भागाला घरं सोडण्याचा आदेश फार उशिरा मिळाला होता. मंडळाने बाहेरच्या संस्थेकडून आढावा घेतला, तेव्हा धोरणं जुनाट असल्याचं आणि इशारे देण्याची व्यवस्था कमकुवत असल्याचं त्यात नोंदलं गेलं. संकटाच्या रात्री जे कमी पडलं, ते आधीच्या कितीतरी शांत मंगळवारांत दुरुस्त करता आलं असतं.

नोंद ठेवण्यातली हयगय किती महागात पडते, हे मंडळाच्या अगदी अलीकडच्या अनुभवातून दिसतं. 2020 मध्ये मतदारांनी ‘मेझर जे’ हा मतपत्रिकेवरचा प्रस्ताव मंजूर केला. काउंटीच्या स्थानिक उत्पन्नातला किमान दहा टक्के वाटा वस्त्यांच्या विकासावर आणि तुरुंगाला पर्याय ठरणाऱ्या योजनांवर खर्चावा, अशी ती तरतूद. ती कोर्टात अडकली, नंतर टिकली. पण काउंटीच्या सनदेच्या अधिकृत प्रतीत ती उतरवलीच गेली नाही. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी ‘मेझर जी’ हा प्रस्ताव मंजूर केला. त्यानुसार पाच सुपरवायझरांचे नऊ होणार आहेत आणि 2028 पासून मुख्य कार्यकारी थेट निवडून येणार आहे. शतकानंतरचा एवढा मोठा बदल. पण त्याचा मसुदा त्या अपुऱ्या प्रतीवर बेतलेला होता. परिणाम असा, की एक सुधारणा स्वीकारताना लोकांनी नकळत दुसरी रद्द केली. ही गोष्ट 2025 च्या जुलैमध्ये उघडकीस आली. ती काउंटीच्या वकिलांच्या लक्षात आली नव्हती, मोहीम चालवणाऱ्यांच्याही नाही. एका छोट्या शहराच्या माजी नगरसेवकाला ती सापडली.

नवी रचना चांगलीच आहे. वीस लाखांसाठी एक प्रतिनिधी ही व्यवस्था केव्हाच तोकडी पडली होती, आणि कायदा करणारे व राबवणारे वेगळे असावेत हेही योग्यच. पण सदस्य नऊ झाले म्हणून निविदा, दस्त आणि सनद वाचण्याचं काम आपोआप होणार नाही. ते सुपरवायझरच्या कचेरीतल्या कारकुनाला करावं लागेल, वार्ताहराला करावं लागेल, आणि मुख्यतः रहिवाशाला. कायद्याने त्याला 72 तास दिले आहेत. विषयपत्रिका संगणकावर फुकट मिळते, सभागृहाचं दार उघडं असतं, आणि बोलायला मिळणारं ते मिनिट त्याच्या हक्काचं असतं. हा हक्क रोज वापरणारी चार माणसं जरी एखाद्या गावात असली, तरी त्या गावाचा कारभार सुधारतो, असा माझा विश्वास आहे.