मागे पडलेल्याला हात देणारी शर्यत

चाळिशी ओलांडलेला एखादा शिक्षक किंवा कारकून रात्रीची जेवणे आटोपल्यावर मुलांच्या खेळातील छोटी गाडी पडद्यावर पळवीत बसलेला दिसला, तर घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या उमटतात. हाच गृहस्थ पत्त्यांचा डाव मांडून बसला असता, किंवा क्रिकेटचा सामना पाहण्यात त्याने अख्खा दिवस घालविला असता, तर कोणी अवाक्षरही काढले नसते. म्हणजे आक्षेप वेळ दवडण्याला नाही. मुलांच्या खेळाला हात लावण्याला आहे. हा आक्षेप रास्त आहे की नाही हे ठरवावयाचे, तर तो खेळ आतून कसा रचलेला आहे हे आधी पाहिले पाहिजे.

अशा खेळांतील सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे 'मारिओ कार्ट'. जपानमधील क्योटो शहरी १८८९ साली स्थापन झालेल्या आणि आरंभी, योगायोग असा की, पत्तेच बनविणाऱ्या निन्टेंडो या कंपनीने तो १९९२ मध्ये बाजारात आणला. याच कंपनीचा १९९० मधील शर्यतीचा खेळ एकट्यानेच खेळावयाचा होता. दोघांना शेजारी बसून एकाच पडद्यावर शर्यत खेळता यावी, या खटपटीतून 'मारिओ कार्ट'चा जन्म झाला. त्याच्या २०१७ मधील आवृत्तीच्या ६ कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. केवळ मुलांच्या हट्टाने एवढा खप होत नसतो.

या खेळाचे मर्म गाड्यांच्या वेगात नाही, वाटपाच्या नियमात आहे. रस्त्यात ठेवलेल्या पेट्यांवरून गाडी गेली की चालकाला काही साधन मिळते. ते दैवावर सोडलेले असते, पण पूर्णपणे नव्हे. जो सर्वांच्या पुढे आहे, त्याच्या वाट्याला बहुधा केळ्याचे साल किंवा एखादे नाणे येते. जो अगदी मागे पडला आहे, त्याला मात्र सर्व प्रतिस्पर्ध्यांना क्षणात खुजे करणारी वीज किंवा गाडीला बाणासारखे पुढे नेणारे साधन मिळू शकते. १९९६ च्या आवृत्तीपासून तर नेमके पहिल्या क्रमांकाच्या गाडीलाच गाठून उलथविणारे निळे कवचही आले. बारा गाड्यांच्या शर्यतीत पहिल्याला १५ गुण मिळतात. पण शेवटच्यालाही १ गुण मिळतोच.

मराठी मुलांना ही कल्पना नवी वाटण्याचे कारण नाही. गल्लीतल्या खेळात धाकट्या भावंडाला 'लिंबूटिंबू' म्हणून घेण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. परंतु लिंबूटिंबूवर राज्य येत नाही, आणि त्याच्या जिंकण्यालाही काही अर्थ नसतो. तो खेळात असूनही खेळाबाहेरच असतो. बुद्धिबळात वडिलांनी मुद्दाम हरल्याखेरीज मूल जिंकत नाही, आणि ते मुद्दाम हरले हे मुलाला बहुधा कळते. सापशिडीत दोघे समान होतात खरे. पण तेथे कौशल्यालाच जागा नाही. 'मारिओ कार्ट'ने या तिन्हींमधून वाट काढली आहे. येथे बापाला सर्व शक्तीनिशी खेळता येते आणि तरीही मुलाची आशा शेवटच्या वळणापर्यंत जिवंत राहते.

या व्यवस्थेवर आक्षेप आहेत, आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. सराईत खेळाडू म्हणतात की, अचूक वळणे घेऊन मिळविलेली आघाडी शेवटच्या क्षणी निळ्या कवचाने हिरावून घ्यावी, हा कसला न्याय? दुसरा आक्षेप अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अधिक परिचित वाटेल. काही खेळाडू शक्तिमान साधने पदरात पाडून घेण्यासाठी जाणूनबुजून मागे राहतात. सवलतीमुळे वर्तन बिघडते, ते असे! तथापि, दोन्ही आक्षेपांना खेळातच उत्तर आहे. गुण अखेरच्या क्रमांकावर मिळतात. साधने जमविली तरी ती योग्य वेळी वापरून पुढे यावेच लागते. आणि अनेक शर्यतींचा हिशेब केला, तर कुशल खेळाडूच बहुधा वर राहतो. साहाय्याने विजय बहाल होत नाही. केवळ पराभव आधीच ठरून जात नाही.

म्हणूनच २०२१ साली बोस्टन विद्यापीठातील अँड्र्यू बेल या संशोधकाने 'नेचर सस्टेनेबिलिटी' या नियतकालिकात या खेळाचा दाखला देऊन, विकासाची मदत सर्वांत मागे असलेल्यांपर्यंत पोचविण्याचा विचार मांडला. दाखला मार्मिक आहे. पण त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. पडद्यावर कोण कितवा आहे हे यंत्राला क्षणोक्षणी ठाऊक असते. समाजात खरा गरजू शोधून काढणे हेच शासनापुढील सर्वांत अवघड काम असते. शिवाय खेळातील प्रत्येक शर्यत नव्याने सुरू होते. एका शर्यतीतील साधन दुसरीत नेता येत नाही, आणि बापाची आघाडी मुलाच्या नावावर चढत नाही. प्रत्यक्ष जीवनात मात्र जमीन, घर, शिक्षण, ओळखीपाळखी हे सारे बरोबर घेऊनच पुढची पिढी रेषेवर उभी राहते. खेळ न्याय्य वाटतो तो केवळ निळ्या कवचामुळे नव्हे. तेथे वारसा नाही, हेही त्याचे तितकेच मोठे कारण आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला पंधरा तासांचे काम पुरेल, असे केन्स यांनी १९३० मध्ये लिहिले होते. फावल्या वेळाचे करावयाचे काय, हीच पुढील पिढ्यांची खरी विवंचना ठरेल, असे त्यांना वाटले. ती मुदत संपत आली आहे. कामाचे तास तितके घटले नाहीत. आणि जो थोडा वेळ उरतो, तोही काही तरी 'उपयुक्त' केले पाहिजे या धाकाखाली जातो. प्रौढाला खेळाची लाज वाटते, ती या धाकापोटी.

वस्तुतः वर्गात किंवा कचेरीत ज्याचा शब्द चालतो, अशा माणसाने नऊ वर्षांच्या मुलीकडून वळणावर गाडी घसरवत नेण्याची युक्ती शिकावी, चार वेळा खड्ड्यात पडावे, आणि ती हसली तर आपणही हसावे, यात कमीपणा कसला? शिकविणाऱ्याने अधूनमधून शिकाऊ होणे हे त्याच्या पेशाला पथ्यकरच आहे. ती मुलगी झोपी गेल्यावर त्याने एकट्याने आणखी एक शर्यत खेळली, तरी बिघडत नाही. दिवसभर ज्या शर्यतीत तो धावतो, तेथे मागे पडणाऱ्यासाठी रस्त्यात पेट्या ठेवलेल्या नसतात. त्या असाव्यात असे त्याला एकदा मनापासून वाटले, तर अर्धा तास वाया गेला असे कोणी म्हणू नये.