फोटो कुणाचा?

दरवर्षी थंडीत आमचं महिला मंडळ पेणहून रोह्याकडच्या एका कातकरी वाडीवर ब्लँकेटं वाटायला जातं. दिवाळी झाली की तिथली बरीच बिऱ्हाडं वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. मागे उरतात ती म्हातारी माणसं. वाटप झालं की आमचा कार्यक्रम ठरलेला. ब्लँकेटचं एक टोक आमच्या हातात, दुसरं तिच्या हातात, आणि फोटो! एका वर्षी एका आजीने हसत हसत विचारलं, "बाय, दरसाल फोटू काढतंस, पन आमाला कदी दाखवलास नाय." मी ओशाळलेच.

त्याच सुमारास सुधारक ओलवे यांची छायाचित्रं पाहण्यात आली. मूळचे अकोल्याचे ओलवे हे मुंबईतले वृत्तपत्र छायाचित्रकार. 1999-2000च्या सुमारास त्यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. सगळे कृष्णधवल. गटारात उतरलेली माणसं, कचऱ्याच्या ढिगात राबणारे उघडे हात! यातले बहुतेक कामगार दलित समाजातले. नवरा गेला की त्याच्या जागी बायकोला नोकरी मिळते, म्हणजे तोच झाडू तिच्या हाती येतो. आपण नाकाला पदर लावून पुढे जातो, तिथे हा माणूस कॅमेरा घेऊन थांबला. कामाठीपुऱ्यातल्या बायकांचं जगणंही त्यांनी टिपलं. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण मला लक्षात राहिले ते त्या कामगारांचे डोळे. ते थेट आपल्याकडे बघतात. बिचारेपण नाही त्यात. उलट आपल्यालाच मान खाली घालावीशी वाटते.

घरी येऊन आमचे अल्बम काढले. प्रत्येक फोटोत आम्ही मधोमध, हसऱ्या. आजी कडेला. खाली मंडळाचं नाव, तारीख; तिचं नाव कुठेच नाही.

पुढच्या खेपेला तिचे फोटो धुऊन नेले, तर आजी पावसाळ्यातच गेली होती. सुनेने सगळे फोटो उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "ताई, म्हातारीचा एकटीचा नाय काय? भिंतीला लावला असता." एकही नव्हता हो! सगळ्यांत ब्लँकेट होतं आणि आम्ही होतो.

तेव्हापासून आम्ही एक नियम केलाय. आधी नाव विचारायचं, मग "काढू का?" असं विचारायचं. ती नको म्हणाली तर नको. काढलाच तर पहिला फोटो तिचा एकटीचा, आणि त्याची प्रत तिच्या घरी पोचलीच पाहिजे.

मैत्रिणींनो, आता तर प्रत्येकीच्या हातात मोबाईल आहे. मदत करताना फोटो काढायचा मोह होतोच. बटण दाबण्याआधी एवढंच विचारू या, हा फोटो तिचा आहे की आपला?