तांबरमची लोकल आणि इंग्रजी वाक्य

तांबरममधल्या मराठी मंडळींनो, इंग्रजी वाक्यरचनेचा सराव लोकलमध्येच करा! चेन्नई बीच स्टेशन ते तांबरम विजेची गाडी १९३१ पासून धावतेय.

‘ही गाडी तांबरमला जाते.’ मराठीत क्रियापद शेवटी, तमिळमध्येही तसंच. इंग्रजीत ते कर्त्याच्या लगेच मागे: ‘धिस ट्रेन गोज टू तांबरम.’ आपला ‘ला’ नामाला मागून चिकटतो, ‘टू’ मात्र नामाआधी.

खरी गंमत प्रश्नात. आपण शेवटी ‘का’ लावतो, तमिळ लोक ‘आ’. इंग्रजीत सुरुवातीलाच ‘डझ’ येतं: ‘डझ धिस ट्रेन गो टू तांबरम?’ ‘गोज’चा प्रत्यय ‘डझ’ने घेतला, म्हणून उरलं नुसतं ‘गो’. हे नीट घोटा!

‘द’सारखं उपपद मराठीत नाही, तमिळमध्येही नाही. तमिळ शेजाऱ्यालाच सरावाला सोबत घ्या, अडचणी सारख्याच आहेत.