वृषण कर्करोगाचे रेणवीय दर्शक

वृषण कर्करोगाचे रेणवीय दर्शक, अर्थात ट्यूमर मार्कर, म्हणजे या रोगात रक्तातील ज्यांचे प्रमाण वाढू शकते आणि जे प्रयोगशाळेत मोजता येतात असे रेणू होत. हा कर्करोग मुख्यत्वे १५ ते ४० वर्षे वयाच्या पुरुषांत आढळतो. भारतात त्याचे वार्षिक प्रमाण दर लाख पुरुषांमागे एकाहून कमी आहे. वेळेवर निदान झाल्यास बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात.

प्रमुख दर्शक

अल्फा-फीटोप्रोटीन (एएफपी) : गर्भावस्थेत तयार होणारे हे प्रथिन प्रौढांच्या रक्तात अत्यल्प असते. शुद्ध सेमिनोमा या प्रकारात ते वाढत नाही. यकृताच्या विकारांत मात्र ते वाढू शकते.

बीटा-एचसीजी : गर्भधारणेच्या चाचणीत शोधले जाणारे हे संप्रेरक पुरुषाच्या रक्तात लक्षणीय प्रमाणात आढळल्यास अर्बुदाची शंका घेतली जाते.

एलडीएच : हे विकर शरीरातील अनेक ऊतींमध्ये असते. त्यामुळे ते निदानापेक्षा रोगाच्या व्याप्तीचा अंदाज घेण्यास उपयोगी पडते.

उपयोग व मर्यादा

अनेक रुग्णांत, विशेषतः सुरुवातीच्या अवस्थेत, हे तिन्ही दर्शक सामान्य असतात. म्हणून रक्ताचा अहवाल सामान्य आला तरी कर्करोग नाही असे ठरत नाही. शारीरिक तपासणी व सोनोग्राफी अनिवार्य ठरते. रक्तनमुना शस्त्रक्रियेपूर्वी घेणे महत्त्वाचे असते. तो राहून गेल्यास पुढील तुलनेचा आधार नाहीसा होतो. एएफपीचा अर्धायुकाल ५ ते ७ दिवस, तर बीटा-एचसीजीचा १ ते ३ दिवस असतो. शस्त्रक्रियेनंतर या गतीने पातळी न उतरल्यास शरीरात रोग शिल्लक असल्याची शक्यता असते.

नवे संशोधन

मायक्रोआरएनए-३७१ए-३पी हा नवा दर्शक सेमिनोमा व नॉन-सेमिनोमा या दोन्ही प्रकारांत आढळतो आणि जुन्या दर्शकांहून अधिक संवेदनशील ठरला आहे. टेराटोमा हा प्रकार मात्र त्यालाही ओळखता येत नाही.

हिंगोली व मराठवाडा

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. मराठवाड्यात कर्करोगाच्या उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, तर मुंबईत परळ येथे १९४१ मध्ये स्थापन झालेले टाटा स्मारक रुग्णालय आहे. उपचारासाठी गाव सोडावे लागत असले तरी रोगाची पहिली खूण गावातच दिसते. ही खूण म्हणजे वृषणावरील कठीण, बहुधा न दुखणारी गाठ. अंडवृद्धी समजून किंवा संकोचापोटी ती लपवली गेल्यास मौल्यवान काळ वाया जातो. बालपणी वृषण खाली न उतरलेल्या पुरुषांत धोका अधिक असल्याने त्यांनी विशेष दक्षता घेणे आवश्यक असते. अशी गाठ आढळल्यास तत्काळ वैद्यकीय तपासणी करून घेणे, हाच लवकर निदानाचा पहिला टप्पा होय. रेणवीय दर्शकांचे कार्य त्यानंतर सुरू होते.