सूप भिंतीला टेकवायचे कधी?

ऑगस्ट १९४१ मध्ये परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सिन्नरला आले होते. महार वतनावरील जादा कराविरुद्ध येथे परिषद भरली होती. वतन म्हणजे काय, हे आजच्या मुलांना समजावून सांगावे लागते. वतनदाराच्या कामाला वेळकाळ नव्हता. रात्री-अपरात्री हाक आली की उठायचे. घरचा कर्ता नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणी जायचे. मोबदला तुटपुंजा. या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात बिल मांडले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने वतने गेली आणि ती हाकही गेली, असे आपल्याला वाटले.

पण बंधू-भगिनींनो, आज तीच हाक मोबाईलमधून आपल्या घरात येत आहे.

घरी बसून काम करणे सिन्नरला नवे नाही. आपल्या कितीतरी आयाबहिणींनी मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या. हजारावर मजुरी, नाकातोंडात तंबाखू, पाठीला कायमची कळ. ते सुख नव्हते. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी काम करणारीलाही कामगार मानले, तेव्हा कुठे तिला कायद्याचा आधार मिळाला.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागले आणि शिकलेली मुलेही घरून काम करू लागली. आमच्या वस्तीतील एक मुलगी अजूनही पुण्याच्या एका कंपनीचे काम घरूनच करते. त्यात फायदा आहेच. खोलीभाडे वाचते, जात विचारून खोली नाकारणारा घरमालक भेटत नाही, आजारी वडिलांकडे लक्ष राहते. पण दोन खोल्यांच्या घरात तिचे टेबल म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. रात्री अकरा वाजता साहेबांचा मेसेज येतो. ताट वाढलेले असते आणि ती म्हणते, "एकच मिनिट, आई." झोप उडाली, डोके दुखते, चिडचिड वाढली.

तिच्या आईने उभे आयुष्य विड्या वळल्या. ती माऊली एकदा म्हणाली, "मी रात्री सूप भिंतीला टेकवलं की काम संपायचं. तुझं सूप कधी टेकवायचं गं?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशीही नव्हते. मी कारकून माणूस. आमच्या कचेरीचा व्हॉट्सअॅप ग्रुप रविवारीही वाजतो. मेसेज आला नाही तरी येईल या धास्तीने मन जागेच राहते. शिवाय कचेरीत चार जण एकत्र उठून घरी निघतात. घरी काम करणारा एकटा असतो. तक्रार कोणाजवळ करायची आणि संघटना कोणाला घेऊन बांधायची?

बाबासाहेब मजूरमंत्री असताना आणलेल्या दुरुस्तीमुळे १९४६ साली कारखान्यातील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. विश्रांती हा कामगाराचा हक्क आहे, हाच त्याचा अर्थ. फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर फोन न घेण्याला कायद्याचे संरक्षण आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत तसे खाजगी विधेयक मांडले होते, पण त्याचा कायदा झाला नाही.

तथागतांनी तर अडीच हजार वर्षांपूर्वी सिगालाला मालकाची पाच कर्तव्ये सांगितली. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळेवर सुट्टी द्यावी.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपण एवढे करू. कामाचे तास रोज वहीत लिहून ठेवावेत, म्हणजे बोलताना पुरावा हाती राहील. जेवताना आणि झोपताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. घरून काम करणाऱ्या सुनेला 'घरीच तर असते' म्हणून सगळे घरकाम सांगू नये. रविवारी विहारात वंदनेला जाताना मोबाईल बंद करावा आणि वंदनेनंतर अशा मुलामुलींनी एकत्र बसून आपापले तास एकमेकांना सांगावेत. संघटनेची सुरुवात अशीच होते.

यंत्र आपण विकत घेतले आहे. त्याने आपल्याला विकत घेऊ नये.

जयभीम!