पाहुण्याला शहर दाखवितांना

आपल्या घरीं पाहुणा आला म्हणजे त्याला गांव दाखविण्याचें काम बहुधा घरांतल्या रिकाम्या माणसाकडे येतें. आणि सेवानिवृत्त शिक्षकाइतका रिकामा माणूस दुसरा कोण असणार? कल्याणास आलेल्या कित्येक पाहुण्यांना मीं दुर्गाडीवर नेलें आहे, खाडीकडे बोट दाखवून शिवाजीमहाराजांच्या आरमाराची हकीकत सांगितली आहे, आणि पहिली आगगाडी १८५३ सालीं ठाण्यापर्यंत आली व पुढच्याच वर्षीं ती कल्याणास पोंचली, हेंही न चुकतां ऐकविलें आहे. परंतु आज मला बोलावयाचें आहे तें याहून अवघड अशा प्रसंगाविषयीं. जो परदेशांत विद्यार्थी म्हणून राहतो, त्यानें तें परकें शहर आपल्या गांवच्या स्नेह्याला कसें दाखवावें?

हा प्रश्न मला माझ्या मुलीनें घातला. ती अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें उच्च शिक्षण घेत आहे. गेल्या वर्षीं तिची एक बाळमैत्रीण कचेरीच्या कामानिमित्त तिकडे जाणार होती व चार दिवस तिच्याकडे राहणार होती. दोघी डोंबिवलीच्या एकाच शाळेंत एकाच बाकावर बसलेल्या. गुणांनीं मैत्रीण किंचित् वरचढच. पण वडिलांच्या आजारामुळें तिचें पुढचें शिक्षण थांबलें व तिनें नोकरी धरली. मुलगी दूरध्वनीवर म्हणाली, “बाबा, ती येते आहे याचा आनंद आहे, पण भीतीही वाटते. खोली, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय यांपलीकडे मीं हें शहर पाहिलें आहे कुठें? हिंडायला हातांत पैसे नाहींत. आणि जें थोडें माझें आहे तें दाखवावें, तर तिला जें मिळालें नाहीं तेंच तिच्यापुढें मिरविल्यासारखें होईल. तुम्हीच सांगा, मी तिला काय दाखवूं?”

माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. समुद्र मीं ओलांडलेला नाहीं. परंतु कल्याणच्या माणसाला फिलाडेल्फियाचें नांव परकें नाहीं. दोन दिवसांची मुदत मागून मी माझ्या जुन्या पुस्तकांकडे वळलों. कारण हाच प्रसंग, याच शहरांत, कल्याणच्याच एका लेकीवर पूर्वीं येऊन गेला होता.

ती लेक म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. ७ एप्रिल १८८३ रोजीं त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कास उतरल्या. तेव्हां त्यांचें वय अवघें अठरा वर्षांचें. न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल येथें श्रीमती कार्पेंटर यांच्या घरीं त्यांनीं उन्हाळा काढला आणि ऑक्टोबर महिन्यांत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत नांव घातलें. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांना एम्. डी. ही पदवी मिळाली. या समारंभासाठीं महाविद्यालयाच्या डीन रेचल बॉड्ली यांनीं इंग्लंडांत असलेल्या पंडिता रमाबाईंना निमंत्रण धाडलें. आणि पदवीदानाच्या कांहीं दिवस आधीं, लहानग्या मनोरमेला बरोबर घेऊन, रमाबाई फिलाडेल्फियास येऊन पोंचल्या.

हा पाहुणचार सोपा नव्हता. रमाबाई आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यांतल्या आणि वयानें सात वर्षांनीं वडील. कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांना पंडिता म्हणून गौरविलेलें; १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें त्यांनीं साक्ष दिलेली. परंतु सप्टेंबर १८८३ मध्यें इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि महाराष्ट्रांत मोठा क्षोभ उसळला. उलट आनंदीबाईंनीं त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत श्रीरामपूर येथील भाषणांत जाहीर सांगितलें होतें कीं, मी हिंदु म्हणून जाईन आणि हिंदु म्हणूनच परत येईन. परदेशांतही त्यांनीं आपला आहार व आचार संभाळला. एकीनें सोडलें तें दुसरीनें जपलें. तरीही दोघी एका दालनांत आनंदानें भेटल्या. पाहुणी आपल्यासारखी नाहीं, म्हणून तिच्यापुढें आपलें सुख झांकावें असें आनंदीबाईंना वाटलें नाहीं. आणि यजमानीण आपल्या वाटेनें आली नाहीं, म्हणून तिचा गौरव पाहूं नये असें रमाबाईंना वाटलें नाहीं. मैत्रिणीपुढें मिरविल्यासारखें होईल ही जी माझ्या मुलीची भीति, तिचें अर्धें उत्तर मला येथेंच सांपडलें.

आतां शहराकडे वळूं. १८८० च्या खानेसुमारींत फिलाडेल्फियाची वस्ती सुमारें आठ लक्ष सत्तेचाळीस हजार होती. म्हणजे त्या वेळच्या मुंबईपेक्षां थोडी अधिक. तरीही या शहरांत नवख्यानें वाट चुकण्याचें फारसें कारण नाहीं, आणि याचें श्रेय शहर वसविणाऱ्याकडे जातें. विल्यम पेन यानें १६८२ मध्यें डेलावेअर व स्कूलकिल या दोन नद्यांच्या मधली सपाट भूमि निवडली आणि सोंगट्यांच्या पटाप्रमाणें सरळ रेघांनीं रस्ते आंखविले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यांना डेलावेअरपासून आंकडे दिले. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या कित्येकांना चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन अशीं झाडांचीं नांवें मिळालीं. आंकडा सांगितला कीं नदीपासूनचें अंतर कळतें, झाडाचें नांव सांगितलें कीं दुसरी दिशा कळते. ऐन मध्यावर जो चौक राखला होता, तेथें १८७१ पासून नगरभवनाचें बांधकाम चाललें होतें. आनंदीबाई तेथें होत्या तेव्हां तें अर्धवट होतें; तीस वर्षांनीं, १९०१ सालीं, तें पुरें झालें. त्याच्या शिखरावरचा पेनचा पुतळा आज पाहुण्याला दिशा दाखवितो.

आमच्या कल्याणचें तसें नाहीं. येथील जुन्या गल्ल्या आधीं आंखून घेतलेल्या नाहींत. माणसांच्या आणि मालाच्या रहदारीनें त्या पडल्या. म्हणून कल्याण दाखवावयाचें तर हाताला धरून दाखवावें लागतें. शहर दाखविण्याचा पहिला नियम यांतूनच निघतो. स्थळांची यादी हातीं घेण्यापूर्वीं शहराची घडण सांगावी: पाणी कोठून येतें, रस्ते असे कां गेले, मूळची वस्ती कोठली. एवढें अर्ध्या तासांत सांगून होतें, त्याला पैसा पडत नाहीं, आणि त्यानंतर पाहुणा तुमच्या मागून न येतां बरोबरीनें चालूं लागतो.

दुसरा नियम असा कीं, आपला रोजचा रस्ता आधीं दाखवावा. विद्यार्थ्याला वाटतें कीं आपल्याला शहर ठाऊक नाहीं. वस्तुतः खोलीपासून महाविद्यालयापर्यंतची वाट त्याच्या पायांना जितकी ठाऊक असते, तितकी ती कोणत्याही मार्गदर्शकाला ठाऊक नसते. त्या काळचें स्त्रियांचें महाविद्यालय नॉर्थ कॉलेज ॲव्हेन्यूवर होतें. जवळच स्त्रियांचें रुग्णालय आणि शेजारीं अनाथ मुलांसाठीं बांधलेलें जिरार्ड कॉलेज. स्टीफन जिरार्ड या धनाढ्यानें मृत्युपत्रांत लिहून ठेवलें होतें कीं, कोणत्याही पंथाच्या धर्मोपदेशकानें या आवारांत पाऊल टाकूं नये! जातां-येतां दिसणाऱ्या एका भिंतीमागें एवढी गोष्ट दडलेली असते. ती सांगण्याला पैसा नको; ती वाट रोज तुडविलेली असली म्हणजे झालें.

तिसरा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दहा संस्था बाहेरून दाखविण्यापेक्षां एक संस्था आंतून दाखवावी, आणि ती दाखवितांना तिचा उजेड व अंधार दोन्ही दाखवावीं. याच शहरांत पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटल आहे. बेंजामिन फ्रँक्लिन आणि डॉ. टॉमस बाँड यांनीं १७५१ सालीं तें स्थापिलें. अमेरिकेंतील अग्रगण्य रुग्णालयांत त्याची गणना होते. परंतु नोव्हेंबर १८६९ मध्यें स्त्रियांच्या महाविद्यालयांतील विद्यार्थिनी तेथील व्याख्यानाला जाऊन बसल्या, तेव्हां पुरुष विद्यार्थ्यांनीं हुर्यो करून आणि कागदाचे बोळे फेंकून त्यांचा छळ केला. विद्यार्थिनी मागें हटल्या नाहींत. आनंदीबाई तेथें पोंचल्या त्या यानंतर अवघ्या चौदा वर्षांनीं. ज्याला हें सांगितलें नाहीं, तो पाहुणा शहराचें ऐश्वर्य पाहून दिपेल. ज्याला सांगितलें, त्याला तेथें शिकणाऱ्या माणसाविषयीं आदर वाटेल. त्या शहरांतली स्वातंत्र्याची प्रसिद्ध घंटासुद्धां तडा गेलेलीच आहे, आणि लोक ती तड्यासकट पाहतात.

चौथा नियम घरगुती आहे. एक संध्याकाळ मोकळी ठेवावी. पिठलें-भात करावा, पाहुण्याचे पाय दुखत असतील हें ओळखावें, आणि त्याला बोलूं द्यावें. शहर दाखविण्याच्या उत्साहांत आपण हें विसरतों कीं, पाहुणाही आपल्याबरोबर एक गांव घेऊन आलेला असतो. तो आपल्याला परत दाखविण्याची त्याला संधि दिली पाहिजे.

दोन दिवसांनीं मीं हें सर्व मुलीला सांगितलें. आणि शेवटीं तिच्या भीतीच्या उरलेल्या अर्ध्या भागाविषयींही सांगितलें. तो भाग असा. शिकावयास राहिलेल्या माणसाला परीक्षा दिसत असते. पाहुण्याला त्याच रस्त्यांत निराळें कांहीं दिसतें. रमाबाई एका समारंभासाठीं आल्या त्या अमेरिकेंत जवळजवळ तीन वर्षें राहिल्या. फिलाडेल्फियास त्यांनीं बालोद्यान पद्धतीचें शिक्षण घेतलें, देशभर हिंडून शाळा पाहिल्या, स्त्रिया वर्गणी जमवून संस्था कशा चालवितात तें पाहिलें. आनंदीबाईंना तेवढा अवधि मिळाला नाहीं. परतल्यावर कोल्हापूरच्या रुग्णालयांतील जागा त्यांची वाट पाहत होती. पण क्षयानें त्यांना गांठलें आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बावीस वर्षें पुरीं होण्याआधींच, पुण्यास त्यांचा अंत झाला. त्याच वर्षीं फिलाडेल्फियांत रमाबाईंचें उच्चवर्णीय हिंदु स्त्रीवरील इंग्रजी पुस्तक निघालें. त्याच्या प्रस्तावनेंत डीन बॉड्ली यांनीं आनंदीबाईंचें जीवन सांगितलें आहे. पुढें बोस्टन येथें रमाबाईंच्या साहाय्यार्थ मंडळ निघालें, आणि त्या बळावर मुंबईंत शारदासदन उघडलें. तो दिवस ११ मार्च १८८९. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशीं बरोबर तीन वर्षें झालीं होतीं.

मीं मुलीला म्हटलें, “तुझें जें आहे तें तिच्यापासून लपवूं नकोस. आपल्या हातून जें पुरें होणार नाहीं, तें कधीं कधीं पाहुण्याच्या डोळ्यांत जाऊन बसतें व त्याच्या हातून पुरें होतें.”

मैत्रीण परत आल्यावर आमच्या घरीं येऊन गेली. माझ्या मुलीनें तिला प्रयोगशाळेंत नेऊन तीन महिने खपून फसलेला एक प्रयोग दाखविला होता. ती म्हणाली, “काका, तें पाहून मला बरें वाटलें. इतकीं वर्षें मला वाटत होतें कीं तिकडे गेलें म्हणजे सगळें आपोआप होतें.” मग वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर तिनें दोन नद्या काढल्या, मधोमध एक चौक काढला, आणि आंकड्यांचे व झाडांचे रस्ते आंखून मला तें शहर समजावून दिलें. वर्गांत मीं फळ्यावर असे पुष्कळ नकाशे काढले आहेत. परंतु इतका सरळ नकाशा क्वचितच काढला असेल.

परदेशीं शिकणाऱ्या आपल्या मुलांकडे कोणी गांवचें जावयाचें असेल, तर मुलांना एवढेंच कळवावें: मोठमोठीं स्थळें त्यांचीं तीं पाहून होतील. तुम्ही तुमची रोजची वाट दाखवा, ती चालतांना लागलेल्या ठेंचाही दाखवा, आणि पाहुण्याला काय दिसलें तें त्याला आवर्जून विचारा.